मास्तरनं उसवलेलं आंबट-गोड चिकन

माझ्या बायकोनं घरी केलेला पहिला पिझ्झा ओव्हनमध्ये मावला नाही. तिनं ट्रे टेपनं मोजला, कणकेवर बोटानं पिठाची रेघ ओढून गोल आखला आणि कापताना मात्र रेघेच्या बाहेर चांगला दीड इंच सोडून कापला.

“एवढा मोठा कशाला?” मी विचारलं.

“मार्जिन,” ती म्हणाली. “जास्त असलं तर आत घेता येतं हो. कमी पडलं तर कुठून आणायचं?”

इतकी वर्षं शिलाई मशिनवर बसलेल्या बाईला कापड आणि कणीक यांतला फरक सांगणारा मी कोण? कड ट्रेबाहेर लोंबायला लागली. आमची लेक तेव्हा चौदा वर्षांची होती, ती हसून हसून फ्रिजला टेकली. बायकोनं तिच्याकडे एक नजर टाकली, उरलेलं चीज कडेवर पेरलं, कड आत दुमडली आणि काट्याच्या टोकांनी गोल दाबत नेली. “झाली तुरपाई,” म्हणाली. त्या दिवशी आम्ही तिघांनीही पिझ्झा कडेकडून खाल्ला आणि मधला भाग एकमेकांना आग्रहानं वाढत राहिलो.

तिच्याबद्दल लिहावं असं खूप दिवस मनात होतं. मला लिहायची सवय नाही. पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी केली, तिथे लिहिले ते फक्त आकडे. तेव्हा जमेल तसं सांगतो.

गल्लीत तिला सगळे मास्तर म्हणतात. तिनं दुकान घेतलं तेव्हा जुन्या पाटीवरचं ‘टेलर’ पुसलं गेलं होतं आणि ‘मास्तर’ तेवढं उरलं होतं. नवी पाटी करायचा खर्च कशाला, म्हणून तीच मास्तर झाली. मीही मास्तरच म्हणतो. ती मला ‘अहो’ म्हणते, पण त्यातही मास्तरकी असतेच.

तिची खासियत नक्कल उतरवण्यात. कुणी एका दिवसापुरता महागडा कोट मागून आणायचं आणि म्हणायचं, मास्तर, अस्साच हवा. ती कोट उलटा करायची, आतून एकच शिवण उसवायची, डोकावून बघायची आणि तपकिरी कागदावर त्याचं कटिंग काढायची. मग ती शिवण अशी मिटवायची, की कोटाच्या मालकाला जन्मात कळू नये. “बाहेरून बघून नुसता अंदाज येतो,” ती म्हणायची. “आत काय आहे ते उसवल्यावरच कळतं.” ते कागद दुकानातल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत, प्रत्येकावर तारीख.

हॉटेलचं जेवण हा त्या काळी आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा येणारा प्रसंग होता. माझा पगार तेवढाच होता. कोपऱ्यावर दाराशी लाल दिवे टांगलेलं एक हॉटेल होतं. तिथे आम्ही आंबट-गोड चिकनची एक प्लेट मागवायचो आणि तिघांत खायचो. वेटरलाही पाठ झालं होतं, एक प्लेट, तीन काटे. एकदा लेक म्हणाली, “मला एकटीला अख्खी प्लेट कधी मिळणार गं?”

मास्तरनं मेनूकार्ड उचललं, किमतीकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं. “यात माल कितीसा?” ती म्हणाली. “थोडं चिकन, मिरची, कांदा. बाकी सगळी शिलाई. आणि शिलाई तर मला येते.”

तिनं पर्समधून बटणांची रिकामी डबी काढली आणि तीन चमचे सॉस तिच्यात भरला. मी इकडेतिकडे बघत बसलो. माझे कान लाल दिव्यांपेक्षा लाल झाले होते.

घरी आल्यावर तिनं तो सॉस उसवला. हा शब्द तिचाच. कच्च्या रंगाचं कापड तपासायला टेलर लोक ओल्या पांढऱ्या कपड्यावर घासून बघतात, तसा तिनं पांढऱ्या अस्तराचा तुकडा ओला केला आणि मध्ये सॉसचा थेंब टाकला. थेंब पसरत गेला. सगळ्यात बाहेर तेलाचं कडं, त्याच्या आत टोमॅटोचं लालसर. लसूण तर जिभेलाच कळला, व्हिनेगर नाकाला, करपवलेली साखर घशाला. पण मधोमध एक तपकिरी ठिपका उरला, तो कशाचा ते काही कळेना. तिनं सोया सॉस घालून पाहिला, कॉफी घातली, एकदा तर खजूर वाटून घातला. आठवडाभर आम्ही रोज आंबट-गोड चिकन खात होतो आणि रोज ते कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीसारखं लागत होतं. लेक म्हणाली, “आई, मला एक प्लेट पुरे होती गं.”

शेवटी मास्तरनं वैतागून तो तुकडा धुवायला टाकला. साबणानं तेल गेलं, लाल गेलं. तपकिरी मात्र तसंच राहिलं, फिकट, कडेला गडद रेघ असलेलं. ती तो तुकडा खिडकीशी धरून एकदम ओरडली, “अहो! हा तर चहा!”

“कशावरून?”

“चाळीस जणांचे शर्ट आलेत माझ्याकडे हा डाग घेऊन. मी हा डाग अंधारात ओळखेन.”

आता खात्री करायची कशी? तिनं माझ्याकडे पाहिलं. कारण त्या हॉटेलचं पाण्याचं मीटर स्वयंपाकघरात होतं, सिंकच्या खाली, आणि ते वाचायला दर महिन्याला मीच जायचो.

मीटरवर सहा आकडे असतात. वाचायला सहा सेकंदं लागतात. त्या दिवशी मी सिंकखाली बॅटरी पेटवून सात मिनिटं बसलो. मुख्य आचारी एक सडसडीत, टापटीप माणूस होता, टोपी अगदी सरळ. तो म्हणाला, “काय हो, आकडे पळतायत का?” मी म्हटलं, “थोडेसे.” तेवढ्यात त्यानं शेगडीजवळची किटली उचलली आणि तिच्यातला उरलेला गार कोरा चहा सरळ कढईतल्या सॉसमध्ये ओतला. मी इतका आनंदलो, की उठताना सिंकला डोकं आपटलं आणि पळत सुटलो. मागून हाक आली, “अहो मीटरवाले, तुमची बॅटरी!” पण परत जायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या महिन्यापासून मी ती गल्ली दुसऱ्या सहकाऱ्याशी बदलून घेतली.

त्या संध्याकाळी लेकीनं एकटीनं अख्खी प्लेट खाल्ली, नंतर अर्धी माझी. मास्तरनं तपकिरी कागद घेतला, त्यावर सगळं माप लिहिलं, खाली तारीख घातली आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या मशिनच्या वर खिळ्याला टांगला. शेजारी डागाचा तुकडाही टाचणीनं टोचला. पुढे तिथे बर्गरचा कागद आला, फ्राइड राइसचा आला, पांढऱ्या सॉसच्या पास्त्याचा आला. एकदा गडबडीत एक कागद दुकानात गेला आणि एका गिऱ्हाइकानं विचारलं, “मास्तर, माझ्या पँटला लसूण आठ पाकळ्या कशाला?”

एकदा कटिंग निघालं, की हॉटेलात जायचं कारणच उरत नाही. लाल दिव्यांकडे आम्ही पुन्हा फिरकलो नाही. बारा वर्षं गेली. मी निवृत्त झालो, मास्तरनं दुकान बंद करून मशिन तेवढं घरी चालू ठेवलं, लेक चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. आणि एके दिवशी त्या दुकानाच्या लिफ्टमध्ये ती तासभर अडकली. जो मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला आला, त्याला ती पुढच्या महिन्यात घरी जेवायला घेऊन आली.

मुलगा सरळ होता. आंबट-गोड चिकन त्यानं तीनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना मास्तरनं सहज विचारलं, “वडील काय करतात?”

“आचारी आहेत. त्या लाल दिव्यांच्या हॉटेलात, वीस वर्षं झाली.”

मास्तरच्या हातातला डाव कढईत पडला. मी खुर्चीतच थोडा खाली सरकलो.

“काकू, लागलं का कुठं?”

“नाही रे. आज काय खाल्लंस ते घरी सांगू नकोस हं.”

“सांगतच नाही,” मुलगा म्हणाला. “बाबांसमोर घरी या पदार्थांचं नावसुद्धा काढत नाही आम्ही. मागे एका लग्नात कुणीतरी त्यांना नुसतं विचारलं, ‘चिकन कसं झालंय?’ ते ताट ठेवून घरी निघून आले. बूट तिथेच विसरून.”

पुढच्या रविवारी त्याचे आईवडील लग्नाचं बोलायला येणार, असं ठरलं. तो गेला आणि लेकीनं आईचा हात धरला. “आई, तू त्या दिवशी दुसरं काहीही कर. बटाटे भाज, सूप कर. पण ते नको. बूट विसरून जाणारा माणूस आहे तो. लग्न मोडायचं माझं!”

मास्तर खिळ्यावरच्या कागदाकडे बघत राहिली. “बारा वर्षं त्या माणसाचं कटिंग वापरतेय मी, त्याला न विचारता,” ती म्हणाली. “परक्याचं होतं तोवर ठीक होतं. आता तो व्याही होणार. नात्यातल्या माणसापासून लपवायचं? ते त्याच्यापुढे ठेवायलाच हवं.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा ना हिला!”

मला लेकीचंच पटत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “बटाटेही कर सोबत.”

रविवारी दुपारी व्याही आणि विहीणबाई आले. विहीणबाई बसमध्ये कंडक्टर. दारातूनच म्हणाल्या, “सरका, सरका, आत जागा आहे!” आणि स्वतःच खदखदून हसल्या. व्याही तसेच होते, सडसडीत, टापटीप, फक्त केस पांढरे झालेले. ते बसले आणि माझ्याकडे बघायला लागले.

“तुम्हाला कुठंतरी पाहिलंय.”

“माझा चेहरा तसा सगळीकडे दिसतो,” मी म्हणालो आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. पाण्याचे चार ग्लास आणले, मग आणखी चार.

मास्तरनं कढई आणून मध्ये ठेवली. झाकण काढलं तशी लेकीनं डोळे मिटले. मुलाचा चेहरा टेबलक्लॉथसारखा झाला. व्याह्यांनी वास घेतला. एक तुकडा काट्याला टोचला, तोंडात घातला, चावायचे थांबले. मग काटा खाली ठेवला आणि उठून उभे राहिले.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “बूट दारात आहेत.”

पण ते दाराकडे गेले नाहीत. ते सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरले. आम्ही सगळे मागोमाग. ओट्यावर सॉसचं दुसरं पातेलं होतं, मार्जिन म्हणून जास्तीचं केलेलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, चाखलं आणि वळून विचारलं, “यात चहा आहे?”

“आहे,” मास्तर म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“डागानं.”

तिनं खिळ्यावरून कागद काढला, तुकडा काढला, दोन्ही त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं. बटणांची डबी, अस्तर, साबण, सगळं. मीटरपाशी आल्यावर ती थांबली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मीटर!” व्याही ओरडले. “आकडे पळतायतवाले! अहो, तुमची बॅटरी अजून आमच्या सिंकखाली आहे!”

मी म्हणालो, “असू द्या, असू द्या,” आणि पाण्याचा आणखी एक ग्लास भरला.

व्याह्यांनी कागदावरची तारीख वाचली आणि मशिनच्या स्टुलावर बसले. खांदे हलायला लागले. लेकीला वाटलं ते रडतायत, ती पुढे झाली. पण माणूस हसत होता. टोपी नव्हती, तरी हात डोक्यावर ठेवून हसत होता.

“आठ वर्षं झाली,” ते म्हणाले, “मालकानं तयार सॉसचे डबे आणले. मोठमोठे डबे. तेव्हापासून मी स्वयंपाक करत नाही, डबे फोडतो. टोपी तीच, काम डबे फोडायचं. कुणी विचारलं ना, चिकन कसं झालंय, तर वाटतं थट्टा करतायत. एकदा मी घरी करून पाहिलं होतं, घरी कुणी नसताना. नाही जमलं. कधी लिहिलंच नव्हतं. किटलीत उरेल तेवढा चहा, हाताला येईल तेवढी साखर. हात विसरला.”

“हात विसरतोच,” मास्तर म्हणाली. “म्हणून तर कागद.”

“आठ वर्षं!” विहीणबाई कमरेवर हात ठेवून मास्तरला म्हणाल्या. “आणि मला सांगत होते, दिवसभर तेच करतो, घरी वास नको! अहो विहीणबाई, मी आठ वर्षं सूप पितेय! ” मग नवऱ्याकडे वळल्या, “एक स्टॉप आधी सांगता आलं नाही तुम्हाला?”

“लाज वाटायची गं.”

“मग आज वाटतेय का?”

“आज नाही,” ते म्हणाले. “आज माझं सगळं इथे खिळ्यावर टांगलेलं सापडलं.” आणि कागद पुन्हा वाचायला लागले. वाचता वाचता कपाळाला आठी पडली. “एक चुकलंय.”

मास्तरचं कटिंग चुकलंय असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

“काय चुकलंय?”

“व्हिनेगर शेवटी घालायचं. आच बंद केल्यावर.”

“माझ्या कागदावर आधी आहे.”

“कागद चुकलाय.”

मास्तरनं ड्रॉवर उघडला, निळा खडू काढला आणि त्यांच्या हातात दिला. “मग खूण करा. पण ट्रायल झाल्याशिवाय मी काही कापत नाही, आधीच सांगते.”

पुढचा दीड तास आमच्या घरात काय चाललं होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन शेगड्या, दोन कढया. एकीवर मास्तर, गळ्यात टेप. दुसरीवर व्याही, मास्तरचा फुलाफुलांचा एप्रन बांधून. विहीणबाई कांदा चिरत दोघांना हाका मारत होत्या, “चला, चला, पुढे सरका!” लेक आणि तो मुलगा लसूण सोलत होते आणि एकमेकांच्या केसांत सालं टाकत होते. वरच्या मजल्यावरून वासानं दोन बिऱ्हाडं खाली आली, त्यांनाही बश्या दिल्या गेल्या. व्याह्यांनी उरलेली भाजलेली बटाट्याची फोड सॉसमध्ये बुडवली आणि म्हणाले, “हेही मेनूत हवं होतं.” मी मनात म्हटलं, ते माझं डोकं होतं.

दोन्ही कढया उतरल्या तेव्हा पंच कोण, हा प्रश्न आला. मास्तरनं अस्तराची पट्टी घेतली आणि माझे डोळे बांधले. एक चमचा डावीकडून, एक उजवीकडून.

“दोन्ही छान,” मी म्हणालो.

“अहो!” मास्तर.

“मीटरवाले!” व्याही.

“पुन्हा द्या बघू,” मी म्हणालो, म्हणजे थोडा वेळ मिळेल. सहा चमचे झाल्यावर माझं पोट भरलं आणि खोटं बोलायला जागा उरली नाही. मी म्हणालो, “डावीकडचं.”

पट्टी सुटली. डावीकडे व्याही उभे होते, दोन्ही हात वर करून.

“घरभेदी!” मास्तर म्हणाली. मग तिनं माझ्या चमच्यानं डावीकडच्या कढईतलं चाखलं, डोळे बारीक केले, आणि व्याह्यांनी निळ्या खडूनं केलेल्या खुणेवर पेन्सिल ठळक फिरवली. तारखेखाली नवी तारीख घातली. बारा वर्षांत त्या कागदावर झालेली ही पहिली दुरुस्ती.

तेवढ्यात लेक म्हणाली, “आणि लग्नाचं काय?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, आम्ही सगळेच विसरलो होतो.

“अगं, ते तर कधीच ठरलं,” व्याही म्हणाले. “अडलं होतं ते व्हिनेगरवर.”

“रजिस्टर ऑफिसातून सरळ इथेच यायचं,” मास्तर म्हणाली. “जेवण आम्ही दोघं करणार. किती माणसं?”

“चाळीस,” मुलगा म्हणाला.

“म्हणजे पन्नासाचं करू.”

“एवढं कशाला?” विहीणबाईंनी विचारलं.

मी, लेक आणि दीड तासात हे शिकलेले व्याही, तिघं एकदम म्हणालो, “मार्जिन!”

लग्न झालं. पन्नासाचं केलेलं साठ जणांनी खाल्लं. हॉटेलच्या मालकालाही बोलावलं होतं, त्यानं दोनदा वाढून घेतलं. आता हॉटेलात महिन्यातला एक दिवस डब्याशिवायचा असतो आणि त्या दिवशी व्याही टोपी जरा तिरकी घालतात म्हणे. बॅटरी त्यांनी मला लग्नात भेट दिली, चकचकीत कागदात बांधून. सेल बदलले की पेटते.

त्या रविवारची एक गोष्ट मात्र राहिली. निघताना विहीणबाई दारात थांबून म्हणाल्या, “सगळं झालं हो, पण तुम्ही चहा काही विचारला नाहीत.”

मास्तरनं किटली उचलून हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. थेंबही नव्हता. सगळा चहा कढईत गेला होता.